तर्री, पुरण आणि वजनकाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये वजनाचा विषय निघाला की पाठोपाठ मिसळीचा निघतोच. मग पुरणपोळी, दिवाळीचा चिवडा, रविवारचं काळं मटण. घरोघरचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या सगळ्या उत्तरांमागे एकच विचार आहे. कुठल्याही जुन्या पदार्थाची चव एखाद-दोन जागी असते. ती जागा ओळखायची, तिला धक्का लावायचा नाही आणि हात आखडायचा तो बाकीच्या ठिकाणी. सरसकट सगळं निम्मं केलं की पदार्थ मिळमिळीत होतो, घरचे नाकं मुरडतात आणि चार दिवसांत सगळं पहिल्यासारखं सुरू होतं.

वजन कमी करायचं तर घरचं जेवण सोडावं लागेल का?

अजिबात नाही. आपलं वाढलेलं ताट आठवा : डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं; उजवीकडे भाजी, पालेभाजी, आमटी; मध्ये पोळी-भाकरी आणि भाताची मूद. ही मांडणी उत्तम आहे. बिघडलं ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर उरली, पालेभाजी आठवड्यातून एकदा आली, आणि पोळ्या-भात मात्र शेतावर राबणाऱ्या माणसाच्या मापाचे राहिले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २,००० कॅलरींचं जे नमुन्याचं ताट सुचवलं आहे त्यात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, धान्य २५०, डाळी-कडधान्यं ८५ आणि वरून घातलेलं तेल-तूप जेमतेम २७ ग्रॅम आहे. वजन उतरवायचं असेल तर धान्य आणि तेल आणखी थोडं कमी होईल, डाळी आणि भाज्या तशाच राहतील. या आकड्यांत कुठलाही परका पदार्थ नाही. ओट्स, किनोआ आवडत असतील तर जरूर खा, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही.

आमच्याकडे तेल फार लागत नाही. तरी वजन का वाढतं?

तेल किती लागतं हे अंदाजाने सांगू नका, मोजा. त्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे महिन्याचा हिशेब. वर दिलेले २७ ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल पुरायला हवं, आणि त्यातच तूपही आलं. आता तुमच्याकडे महिन्याला किती पिशव्या फुटतात ते बघा. बऱ्याच घरांत सहा-सात लिटरचा आकडा निघतो आणि तो ऐकून घरातल्यांनाच आश्चर्य वाटतं.

पोह्यांच्या मोठ्या चमच्याने एक चमचा तेल, म्हणजे सुमारे १५ मिली, जवळजवळ १२० कॅलरी देतं. फोडणीसाठी बुधलीतून धार सोडली की असे दोन-तीन चमचे कधी पडले ते समजत नाही. म्हणून बुधली ओट्यावरून उचला आणि तेलाच्या बरणीत मापाचा चमचा ठेवा. एवढा एकच बदल केला आणि बाकी कशालाही हात लावला नाही, तरी महिनाअखेरीला पिशव्या कमी लागतात.

मुळात माझं वजन जास्त आहे हे कसं ओळखायचं?

किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा बीएमआय. आपल्या लोकांसाठी २३च्या पुढे सावध व्हावं आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरावा असं डॉक्टर सांगतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हे टप्पे अनुक्रमे ५९ आणि ६४ किलोला येतात. त्याहून सोपी म्हणजे शिवणकामाची टेप : कंबरेचा घेर बायकांचा ८० सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर पोटावरची चरबी वाढली आहे. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं अशी माणसं खूप दिसतात. त्यांना काटा दिलासा देतो, टेप देत नाही.

मिसळ हलकी होते का? तर्रीशिवाय ती मिसळ कसली!

तर्री हवीच. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलातच उतरतो, पाण्यात नाही. म्हणून बिनतेलाची मिसळ लालही होत नाही आणि तिला तो वासही येत नाही. तेव्हा तेल वापरायचं, पण जिथे ते काम करतं तिथेच.

नेहमीच्या पद्धतीत तेल तीन ठिकाणी जातं : कांदा-खोबरं तळताना, वाटण परतताना आणि वरून तर्री म्हणून. पहिल्या ठिकाणी त्याची गरजच नाही. चार माणसांसाठी तीन मध्यम कांदे सालीसकट थेट गॅसच्या जाळीवर ठेवा आणि बाहेरून पूर्ण काळे होऊ द्या. साल काढल्यावर आतला कांदा गोडसर, धुरकट आणि मऊ झालेला असतो. काळ्या मसाल्याच्या रश्श्याला हाच धुरकटपणा हवा असतो. सुकं खोबरं अर्ध्या वाटीऐवजी दोन चमचे घ्या आणि कोरडंच भाजा. खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेसहाशेच्या वर कॅलरी असतात, म्हणून हा बदल छोटा समजू नका. रश्श्याला दाटपणा कमी पडेल तो चमचाभर फुटाण्याच्या डाळ्यांनी भरून निघतो. लसूण, आलं, कोथिंबीर घालून सगळं बारीक वाटा.

पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, मग वाटण. तेल कमी असल्याने ते तळाला धरू लागेल. तेव्हा तेल न वाढवता गरम पाण्याचा शिपका मारा, झाकण ठेवा, पुन्हा परता. असं तीन-चार वेळा केलं की कच्चा वास जातो. मग काळा मसाला, मीठ, वाफवलेली मोड आलेली मटकी आणि भरपूर गरम पाणी. रस्सा वीसेक मिनिटं मंद उकळू द्या.

शेवटी तर्री. कढल्यात एक मोठा चमचा तेल तापवा आणि गॅस बंद करा. अर्धा मिनिट थांबून दोन छोटे चमचे ब्याडगी मिरचीची पूड घाला आणि लगेच चमचाभर रस्सा. इथे घाई केली तर मिरची जळते, काळी पडते, कडवट लागते. हे लाल तेल उकळत्या रश्श्यावर ओता आणि ढवळू नका. लालभडक थर वर तरंगत राहतो. ब्याडगी रंग देते, तिखट बेताची असते, त्यामुळे डोळ्याला तर्री भरपूर दिसते. सगळं मिळून तीन चमचे तेल, म्हणजे माणशी चमच्याहून कमी.

राहता राहिली शेव-फरसाण. तळलेल्या फरसाणात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. ते वाडग्याच्या तळाशी घातलं की भिजून नाहीसं होतं, मग पुन्हा घ्यावंसं वाटतं. म्हणून वाडग्यात मटकी भरपूर, वर रस्सा, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि शेव मूठभर, तीही घास घेण्याच्या क्षणी. कुरकुरीतपणा दातांना लागला की मूठभरही पुरते.

आणि बाहेर मिसळ खायला गेलो तर?

रविवारी सकाळी गंगापूर रोडकडच्या मळ्यांमध्ये मिसळीला जाणं हा आपल्या शहराचा आनंद आहे, तो सोडू नका. तर्री वेगळी मागा, रस्सा पातळ मागा. रश्श्याची बादली पुन्हा फिरते तेव्हा वाढप्याला सांगा, पळी खालून घाला. पाव दोन पुरे. तळलेला पापड, दही, जिलबी आणि ताक सगळंच घेतलं तर ते तीन वेळचं जेवण होतं. त्यातलं एक काय हवं ते ठरवून बसा. जिलबी खायचीच असेल तर ती मिसळीबरोबर उरकू नका. वेगळ्या दिवशी बुधा हलवाईची गरम जिलबी घ्या आणि तिच्याकडे नीट लक्ष देऊन खा.

पुरणपोळीत गूळ कमी करू का?

हिशेब मांडून बघू. २०० ग्रॅम हरभरा डाळ आणि २०० ग्रॅम गूळ यांच्या दहा पोळ्या होतात असं धरा. गूळ पाव हिश्शाने कमी केला तर सगळ्या मिळून १९० कॅलरी वाचतात, म्हणजे पोळीमागे १९. आणि त्यासाठी पुरणाची गोडी, मऊपणा दोन्ही थोडं कमी होतं. याउलट पोळीवर छोट्या चमच्याने दोन चमचे तूप पडतं तिथे एक घातलं, तर पोळीमागे ४५ कॅलरी वाचतात. कणीक तेलात तिंबताना वाटीभर तेल जातं, त्यातलं निम्मं पुरतं.

तेव्हा गुळाला फार हात लावू नका. वाटीला वाटीऐवजी वाटीला पाऊण वाटी इथपर्यंत चालतं, त्याखाली पुरण कोरडं पडतं. जायफळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घातलं की तेवढाच गूळ जास्त गोड लागतो. पुरण आटल्याची खूण जुनीच : मध्ये उभा केलेला उलथना पडता कामा नये. पोळी भाजताना तूप सोडू नका. तव्यावरचं तूप जळून जातं, त्याचा वास उरत नाही. उतरवल्यावर गरम पोळीवर एक चमचा पसरवा, म्हणजे पहिल्या घासालाच तुपाचा वास येतो.

आणि कटाची आमटी वाटीभर प्या. डाळीच्या पाण्याचा दाटपणा असतो, फोडणीला अर्धा चमचा तेल पुरतं, आणि आमटी आधी पोटात गेली की दुसऱ्या पोळीनंतर हात आपोआप थांबतो. भजी, कुरडया, पापड यांपैकी तळणाचा एकच प्रकार करा. नैवेद्याच्या ताटात सगळे हवेत असं घरात असेल, तर नैवेद्यापुरते तळा.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतला तर?

वजनाच्या दृष्टीने फरक नगण्य. साखरेत १०० ग्रॅमला ४०० कॅलरी, गुळात ३८०च्या आसपास. गूळ आवडतो म्हणून खा, वजन उतरेल म्हणून नको. खरी साखर चहात जाते : दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम. दिवसभराची मर्यादा २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगितलं जातं. दर आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करत आणा, जिभेला कळतही नाही.

तूप चांगलं की तेल?

कॅलरी सारख्याच, ग्रॅमला ९. तूप थोडं घातलं तरी वास येतो, म्हणून ते वरून घालायला चांगलं. फोडणीला शेंगदाणा किंवा करडईचं तेल.

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. दुधावरची साय काढली म्हणून आपण दूध हलकं मानतो. पण ती साय विरजून, घुसळून, कढवून तूप होते आणि त्याच घरातल्या ताटात परत येते. म्हशीचं दूध घेत असाल तर महिन्याला घरचं तूप किती होतं ते वजन करा आणि तेलाच्या हिशेबात धरा. तूप जास्त होत असेल तर निम्मं दूध गायीचं किंवा टोन्ड घेणं हा सोपा मार्ग आहे.

पोळी सोडून भाकरी सुरू केली, तरी वजन उतरत नाही. असं का?

कारण भाकरीचा आकार. ज्वारी, बाजरी, गहू यांच्या पिठांत कॅलरी जवळपास सारख्याच, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. फुलक्याला २५ ग्रॅम पीठ लागतं. हातावर थापलेल्या चांगल्या मोठ्या भाकरीला ९० ग्रॅम सहज लागतं, म्हणजे एक भाकरी साडेतीन फुलक्यांची. भाकरीचे फायदे वेगळे आहेत. तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते, पोटात जास्त वेळ राहते. हे फायदे हवे असतील तर लहान भाकरी थापा. एकदा पिठाचा गोळा काट्यावर ठेवून बघा, मग हाताला अंदाज येतो.

नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी मात्र पुन्हा घरात आणा. इगतपुरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगराळ भागांत ती पिकते, आणि तिच्यात १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पीठ उकड काढून मळलं की भाकरी चिरत नाही.

भरल्या वांग्यांना तेल कमी घातलं तर ती शिजतच नाहीत!

वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. कच्चं वांगं तेलात टाकलं की ते सगळं तेल पिऊन घेतं आणि पातेलं कोरडंच दिसतं, म्हणून आपण आणखी घालतो. उपाय : वांग्यांना चिरा देऊन ती आधी सहा-सात मिनिटं वाफवा. वाफवलेला गर मिटतो, मग तेल आत शिरत नाही. नंतर मसाला भरा आणि चार वांग्यांना एक मोठा चमचा तेलाच्या फोडणीत झाकण ठेवून मंद आचेवर मुरू द्या. दाण्याचा कूट निम्मा करा, निम्म्याच्या जागी भाजलेलं डाळीचं पीठ आणि भाजलेला कांदा. गोडा किंवा काळा मसाला, चिंच आणि गूळ आहे तसाच ठेवा, चव त्यांचीच असते.

खानदेशी भरीत तर आधीच हलकं आहे. वांगं विस्तवावर भाजलं की त्याला तेलाची गरजच नसते. हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा आणि फोडणीला एक चमचा तेल. हॉटेलातल्या भरितावर जो तेलाचा थर दिसतो, तो घरी आणायची काही गरज नाही.

शेवभाजीचं काय?

शेवभाजी हलकी होत नाही. तळलेली बेसनाची शेव आणि तेलाचा रस्सा, एवढाच तो पदार्थ. महिन्यातून एकदा मनापासून खा.

एरवी तीच तहान भागवणारे दोन पदार्थ आपल्याच स्वयंपाकात आहेत. डुबुक वडे : बेसनाचं सैलसर पीठ उकळत्या रश्श्यात सोडायचं, तळण नाही. आणि पाटवड्यांचा रस्सा : पीठ शिजवून थापायचं, वड्या पाडून रश्श्यात घालायच्या. बेसन तेच, मसाला तोच, झणझणीतपणा तोच. फक्त कढईभर तेल वाचतं.

हलके करायची गरजच नाही असे जुने पदार्थ कोणते?

पुष्कळ आहेत, आणि त्यांची आठवण कमी होत चालली आहे याचं मनापासून वाईट वाटतं. हुलग्याचे शेंगोळे : लसूण-मिरची घालून मळलेलं पीठ वळून पाण्यात शिजवायचं, प्रथिनं भरपूर, तेल फोडणीपुरतं. भोगीची भाजी, ज्यात वाल, पावटा, गाजर, वांगं, हरभरा सगळं एकत्र येतं. नागलीची आंबील. ताकातली पालेभाजी. अळूचं फदफदं. वाफवलेली कोथिंबीर वडी, तळायच्या आधीची, वरून मोहरी-तिळाची फोडणी दिलेली. आठवड्याचा बेत आखताना यांतले दोन घातले, की शनिवारी-रविवारी काय खाल्लं याची धास्ती राहत नाही.

उपवासाच्या दिवशी वजन कमी व्हायला हवं ना?

साबुदाण्याच्या खिचडीची ताटली मोजू. कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचा कूट ३० ग्रॅम, तूप एक मोठा चमचा, थोडा बटाटा : सहाशे कॅलरींच्या घरात जाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यामुळे दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते आणि मग वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, केळं.

उपवासाला भगर आणि दाण्याची आमटी चांगली. आमटीत काकडी किंवा लाल भोपळा घाला, सोबत दही. रताळं उकडून. खिचडीच हवी तर साबुदाणा निम्मा आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर वाटीभर. घरचे वडे आप्पेपात्रात करता येतात, थेंब-थेंब तेलात बाहेरून कुरकुरीत होतात. नाशिकच्या सायंतारा हॉटेलातल्या साबुदाणा वड्याची सर त्यांना येणार नाही, आणि ती यावी असा आग्रहही नको. तो वडा चतुर्थीला एक खावा, चवीने.

दिवाळीच्या फराळात काय बदलावं आणि काय नाही?

चिवडा बदला. पातळ पोह्यांना दोन दिवस कडक ऊन द्या किंवा मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत कोरडे परता. अर्धा किलो पोह्यांना चार मोठे चमचे तेल पुरतं. डाळं तळावं लागत नाही, शेंगदाणे कोरडे भाजून चालतात. तेलात फक्त खोबऱ्याचे काप, मिरची आणि कढीपत्ता तळा, कारण चिवड्याचा वास या तिघांचा असतो.

चकली बदलू नका. भाजलेली, म्हणजे ओव्हनमधली चकली खाताना चकलीची आठवण येत राहते, म्हणून माणूस चार खातो. खरी चकली खा, दोन. पण ती तेल पिणार नाही याची काळजी घ्या. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, पीठ सैल असेल किंवा तेल पुरेसं तापलं नसेल तर ती तेल शोषते. पिठाची गोळी टाकल्यावर लगेच वर आली पाहिजे.

अनारसे, करंज्या, शंकरपाळे यांच्या कृतीत खुडबुड करण्यापेक्षा संख्या कमी करा. पूर्वी फराळ दिवाळीतच व्हायचा. आता कोंडाजी चिवडा बारा महिने मिळतो, शंकरपाळे चहाबरोबर रोज निघतात. फराळ दिवाळीपुरता ठेवला तरी मोठं काम होतं. लहान डबे करा, शेजारीपाजारी वाटा.

एअर फ्रायर घ्यावा का?

अळूवडी, कोथिंबीर वडी, समोसे यांना चांगला. भज्यांचं पीठ त्यात गळतं आणि चकली कडक होते. फक्त वजनासाठी घेत असाल तर आधी आप्पेपात्र आणि चांगला जाड तवा वापरून बघा.

काळं मटण खाणाऱ्यांनी काय करावं?

मटण घेतानाच दिसणारी चरबी काढायला सांगा. हळद, आलं-लसूण, मीठ लावून आधी पाण्यात शिजवा. त्याचं अळणी पाणी जेवणाआधी प्यायला घ्या, भूक शांत होते. रश्श्याचं वाटण मिसळीच्या पद्धतीनेच करा, जाळीवर भाजलेला कांदा आणि थोडं खोबरं. जमलं तर रस्सा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला दिसतो, तो चमच्याने उचलला की झालं. मुरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्तच चांगला लागतो. भाकरी एक, रस्सा दोन वाट्या, कांदा-लिंबू भरपूर.

सासूबाईंना सांगितलं की त्यांना वाटतं मी त्यांच्या हाताला नावं ठेवते. काय करू?

त्यांना बाजूला सारून कृती बदलू नका, त्यांच्याकडूनच शिका. "आई, या आमटीला वास कशाचा येतो?" असं विचारा. पंचवीस-तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला पदार्थाची चव कुठे दडली आहे ते नेमकं ठाऊक असतं. दगडफूल, भाजलेलं खोबरं, शेवटी टाकलेलं आमसूल. त्या सांगतील ते तसंच ठेवायचं आणि तेलाचं माप तेवढं आपल्या हाती घ्यायचं. बऱ्याच सासूबाई स्वतःच सांगतात, की त्यांच्या लहानपणी एवढं तेल नव्हतंच. महिन्याचं रेशन मोजून यायचं.

आग्रह हा वेगळा प्रश्न. पंगतीत "नको" म्हटलं की वाढणाऱ्याला चेव येतो. त्यापेक्षा पहिल्यांदाच अर्धी पोळी घ्या, नंतर आग्रहाची अर्धी घ्या. वाढणाऱ्याचं मन राहतं आणि पोळी एकच होते. यजमान असाल तर आग्रह कोशिंबिरीचा आणि आमटीचा करा.

पोळी खाल्ली आणि कृषीनगरच्या ट्रॅकवर फेऱ्या मारल्या, तर हिशेब फिटतो का?

६५ किलोच्या माणसाने अर्धा तास झपाझप चाललं तर १२० ते १५० कॅलरी खर्च होतात, म्हणजे साधारण चमचाभर तेल. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी रोज हवंच. पण जेवणाची फेड म्हणून चालू लागलात, तर चालण्याचाही कंटाळा येतो आणि जेवणाचाही.

द्राक्षांच्या हंगामात नातेवाइकांकडून पेटीच येते. किती खावीत?

१०० ग्रॅमला ७० कॅलरी, म्हणजे वाटीभर द्राक्षं हा उत्तम खाऊ आहे. फक्त वाटीत काढून खा. पेटी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलं की अर्धा किलो कधी संपतो कळत नाही. रस काढू नका. मनुके वाळलेले असल्याने त्यांत तेवढ्याच वजनाला चौपटीहून जास्त कॅलरी असतात.

हे बदल सगळ्यांनी करायला हरकत नाही ना?

तेल-साखर बेताने वापरायला कुणाचीच हरकत नसावी. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. उपवासालाही हेच लागू. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवायच्या मागे लागू नये. वाढत्या मुलांच्या ताटातलं तूप-दाणे काढून घेऊ नका, त्यांच्या हातातली वेफर्सची पिशवी काढा. प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरत असेल, तर आनंद न मानता तपासणी करून घ्या.

एका मिसळीने दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवतो. सगळं वाया गेलं का?

नाही. दीड किलो चरबी एका दिवसात वाढायला रोजच्या खर्चावर ११,०००हून जास्त कॅलरी पोटात जाव्या लागतील, आणि तेवढी मिसळ कुणाला खाववत नाही. काट्यावर दिसतं ते मुख्यतः पाणी. मिसळ, पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं. दोन-तीन दिवस साधं वरण-भात, पालेभाजी, ताक असं खाल्लं की ते उतरतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी वजन करूच नका आणि उपासमारही करू नका, कारण त्या उपासमारीनंतर संध्याकाळी जे सुटतं ते मिसळीपेक्षा जास्त असतं. आठवड्यातला एक वार ठरवा. त्या वारी सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर उभे राहा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. महिन्याला दोन किलोंपर्यंत उतरत असेल तर चाललं आहे ते बरोबर चाललं आहे.